डिकीत दस्तगीर

तिसऱ्या गिअरात, पस्तीसच्या पुढं, चाळीसच्या आत,
आणि तेही बावड्याच्या रस्त्यावर
जिथं उसाच्या ट्रॉल्यांनी डांबरात सऱ्या पाडल्यात,
तिथंच ती बोलायची.
गॅरेजात नेली की गप्प.
डॉक्टरांपुढं पोरगं खोकायचं थांबतं, तशी.

अठ्ठ्याण्णवची झेन. रंग एकेकाळी मोरपंखी.

दस्तगीर म्हणाला, "उभ्या गाडीत आवाज घावत न्हाई.
तुम्ही चालवा, मी मागं बसतो."
मागं म्हणजे सीटवर नव्हे.
पन्नाशीचा माणूस, गुडघे हनुवटीला लावून,
स्टेपनीला मिठी मारून डिकीत शिरला,
झाकण सुतळीनं बांधायला लावलं, चार बोटं फट ठेवून,
आणि आतनं ओरडला, "सोडा!"

उद्यमनगरातनं निघालो.
सिग्नलला पोलीस डिकीकडं बघत राहिला.
डिकी म्हणाली, "डावीकडं दाबा, खड्ड्यातनं घ्या, हळू नको!"
सगळं गाव खड्डे चुकवतंय
आणि आम्ही दोघं खड्डे हुडकत फिरतोय.

पहिल्या रविवारी जॅकचा दांडा घावला.
दस्तगीरनं तो आपल्या जुन्या लुंगीत गुंडाळला,
बाळंतघरातनं आणल्यासारखा.
तरी आवाज होताच.
सायलेन्सरवरचा पत्रा सुटलेला, त्याला दोन क्लँपा.
मग त्याच्याआडनं आणखी एक.
"मोठ्याच्या सावलीत धाकटा बसलेला असतो," तो म्हणाला,
"मोठा उठला की दिसतो. घाबरू नका.
गाडी बिघडत न्हाई, आपण ती निवडतोय. तांदळागत."

मागच्या पट्ट्याचं बक्कल निघालं दुसऱ्या रविवारी.
ऋतुजा नांदायला गेल्यापासनं तिथं कुणी बसलंच नव्हतं,
तर ते रिकामं खांबावर टाचा आपटत होतं.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वर दोरा.

तिसऱ्या रविवारी काहीच नाही.
बावड्यापर्यंत काहीच नाही, येताना काहीच नाही.
मी तीनशे दिले. लुंगीचे त्यानं घेतले नाहीत.

संध्याकाळी मालनला घेऊन फुलेवाडीला बारशाला निघालो.
"ऐक," मी म्हणालो, "काय ऐकू येतंय?"
छाती जरा पुढंच होती माझी.
"येतंय की," ती म्हणाली.
"टिक टिक. बांगडी काचेला लागावी तसं.
कवापासनं येतंय."

गाडी कडेला घेतली. बंद केली. चालू केली.
"आता?"
"उभ्यात न्हाई. चालव. हां. हे बघ. हे."
मला ऐकू आलं ते फक्त तिचं हे.

बत्तीस वर्षं शिरोलीत,
नॉकआउटच्या जाळीला खेटून,
तापल्या साच्यातली वाळू झडताना.
कानात कापसाचे बोळे, तेही तपासणीला साहेब येणार असले तर.
हात भाजला की कळतं, बोट तुटलं की कळतं.
हे मात्र कुठल्या पाळीत गेलं,
कुणी हजेरीपटावर लिहिलं नाही.
मला आपलं वाटायचं,
मालनची जोडवी झिजली.

बारशाला मी फारसं बोललो नाही.
घुगऱ्या खाल्ल्या. पाळण्यावरच्या खुळखुळ्याकडं
बघत बसलो बराच वेळ.

आज चौथा रविवार.
दस्तगीर डिकीत नाही. मालन आणि तो, दोघं मागच्या सीटवर,
आणि मी नुसता स्टेअरिंगला.
"वरनं येतंय."
"न्हाई वैनी, काचेच्या रबरातनं."
"थांबलं बघा."
"थांबलं."
मी आरशात दोघांच्या भुवया बघत राहतो.
त्या एकदम वर गेल्या की समजतो
आणि वळवून गाडी
पुन्हा त्याच खड्ड्यात घालतो.